पट्टीवरची नावं

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही कॉलेजातलं जुनं कुणी भेटलं की म्हणतं, "तुमचे सर म्हणजे अवलिया माणूस हो!" आणि हसतं. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. एखाद्याला अवलिया म्हटलं की त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची जबाबदारी संपते. तो काय सांगत होता ते विसरायचं आणि तो कसा विचित्र होता तेवढं चघळत बसायचं. आमच्या कॉलेजानं त्यांच्या बाबतीत आयुष्यभर हेच केलं. मीही केलं. त्याबद्दल पुढं सांगणारच आहे, कारण माझा सगळ्यात जास्त राग माझ्यावरच आहे.

विचित्र तर ते होतेच. कुणाच्याही घरी चहाला गेले की बैठकीत न बसता थेट स्वयंपाकघरात शिरायचे. "उकळी दाखवा," म्हणायचे. गॅसजवळ हात मागे बांधून उभे. दूध वर आलं, खाली बसलं, पुन्हा वर आलं, की मगच बाहेर येऊन खुर्चीत बसणार. आमच्या प्राचार्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी हेच केलं. प्राचार्यांच्या पत्नी बिचाऱ्या म्हणाल्या, "पिशवीचं दूध आहे हो सर."

"असू द्या. उकळायला काय होतंय?"

प्राचार्यांनी ते पुढची कित्येक वर्षं मनात ठेवलं.

एकदा भाचीसाठी स्थळ बघायला गेले होते. मुलाच्या वडिलांनी कौतुकानं सांगितलं, आमचा मुलगा रोज सकाळी गोठ्यात उभा राहून धारोष्ण दूध पितो, म्हणून तब्येत बघा कशी आहे. सर ताडकन उठले आणि मुलाच्या कंबरेवर बोटांनी दाबायला लागले. "इथं दुखतं का? ताप येऊन जाऊन राह्यला का? घाम?" मुलगा लाजेनं लाल. मुलीकडची माणसं खाली बघायला लागली. सोयरीक अर्थातच मोडली. निघताना सरांनी पिशवीतून सुई काढली. "सोयरीक मोडली ती मोडली. रक्त तेवढं द्या." आणि नवल म्हणजे मुलानं हात पुढे केला.

त्यांना कुणी नाही म्हणायचंच नाही. हसनाबादपासून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत त्यांना सगळे 'रक्तवाले सर' म्हणायचे. जालन्याहून रविवारी सकाळी मोपेडवर निघायचे, पुढे बर्फाचा डबा, मागे सुयांची पिशवी. आम्ही दोघंही एकाच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. ते माझ्याहून बरेच मोठे, मी नुकतीच लागलेली. मी छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरच्या कॉलनीत वाढलेली, घरी सगळे नोकरदार. गोठा मी पहिल्यांदा पाहिला तो सरांबरोबर, आणि नाकाला रुमाल लावला म्हणून त्यांची बोलणीही खाल्ली.

हे सगळं ज्याच्यासाठी, त्या रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. गाई-म्हशी-शेळ्यांकडून माणसाला होतो. कच्च्या दुधातून होतो, नाहीतर जनावर गाभडलं, म्हणजे अवेळी गर्भ पडला, की त्यामागून पडणारी जार उघड्या हातानं काढताना होतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात, कंबर मोडते. लोक टायफॉईड समजून सलाईन लावून घेतात, कंबरेला पट्टा बांधतात, कुणी मणक्याचं ऑपरेशनसुद्धा करून घेतं. नेमक्या गोळ्या काही आठवडे नेमानं घेतल्या तर माणूस बरा होतो. पण आधी कळायला तर पाहिजे. सरांच्या वडिलांची उमेदीची सगळी वर्षं याच तापात गेली असा त्यांचा समज होता. 'समज' हा शब्द त्यांचाच. रक्त तपासलेलं नव्हतं, म्हणून खात्रीनं सांगायचे नाहीत.

त्यांची तपासणी साधी असायची. फरशीच्या पांढऱ्या तुकड्यावर रक्तातलं पाणी आणि गुलाबी औषधाचा थेंब. हलवायचं. दाणे फुटले की लागण. आणि मग त्यांचा तो नियम, जो ते वर्गातही सांगायचे आणि गोठ्यातही: ज्याचं रक्त, त्याला जबाब. लागण असो वा नसो, पुढच्या रविवारी त्या घरी जाऊन सांगायचंच. नसेल तर "काही न्हाई, बिलकुल ठीक आहे," एवढं सांगायला ते वीस-वीस किलोमीटर जायचे. मी एकदा म्हटलं, "सर, फोन करा ना."

"सुई फोनवर टोचल्ती का मॅडम?"

रक्ताच्या नळीवर ते नंबर घालायचे नाहीत. डॉक्टर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळायचे आणि तिच्यावर पेन्सिलीनं नाव लिहायचे, कारण फ्रीझरमध्ये शाई पसरते, पेन्सिल टिकते. नाव, गाव, आणि खाली जनावरं. 'सुमनबाई, हसनाबाद, दोन म्हशी, एक गाभडली.' नळी बोटाएवढी, पट्टी त्याहून बारीक, आणि त्यात एवढा मजकूर. मी म्हणायचे, हे शास्त्रीय नाही. ते म्हणायचे, मंग शास्त्रात बदल करा.

छापण्याचीही त्यांची तऱ्हा होती. एक पान, मोठी अक्षरं, मराठीत. या गावात इतक्या घरी लागण सापडली, जार काढताना हातमोजे घाला, दूध उकळा. ते पान दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर खळीनं चिकटवायचे आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगायचे, "छापून आलं बरं का." त्यांनी नियतकालिकांतही लिहिलं, पण लहान, कुणाच्या यादीत नसलेल्या. त्यांचा दाखला पुढे कुणी आपल्या लेखात दिला की नाही हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

पाहायची वेळ आणली ती पदोन्नतीच्या समितीनं. अर्जात रकाना होता: आपल्या संशोधनाचा दाखला कुणी कुणी दिला आहे? सरांनी त्या रकान्याला पाच पुरवण्या जोडल्या. हसनाबादच्या दूध केंद्राचे सचिव, सरांचं ऐकून दर महिन्याला जनावरांची तपासणी करवतात. बदनापूरच्या स्टेशनाजवळचा औषधवाला, कंबरदुखी आणि ताप एकत्र दिसला की गोळी द्यायच्या आधी गिऱ्हाइकाला रक्त तपासायला पाठवतो. भोकरदन तालुक्यातल्या दोन दाया. एक शेळ्यांचा व्यापारी. प्रत्येकाची सही किंवा अंगठा.

समितीतल्या बाहेरगावच्या एका सदस्यानं ते मोठ्यानं वाचलं. "शेळ्यांचा व्यापारी!" म्हणाले आणि हसायला लागले. बाकीचेही हसले. मी तिथं कागद लावायला बसले होते. मीही हसले. सर टेबलापलीकडे ताठ बसले होते आणि त्यांना खरंच कळत नव्हतं की हसण्यासारखं काय आहे. त्यांनी विचारलं, "यातलं खोटं काय आहे? एखादा जाऊन बघून या." कुणी गेलं नाही. त्यांना पद मिळालं नाही. ज्यांना मिळालं त्यांच्या लेखांचे दाखले त्यांच्याच मित्रांनी दिलेले होते, एकमेकांची पाठ खाजवल्यासारखे. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आता माझं सांगते.

एका वर्षी ते गुलाबी औषध मिळेनासं झालं. सर रक्त घेतच राहिले, नळ्या फ्रीझरमध्ये साठत गेल्या, आणि घरोघरी "जबाब घेऊन येतो" असं सांगून आलेले. तेव्हा एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतले एक शास्त्रज्ञ पुढे आले. त्यांचं संसर्गजन्य रोगांत मोठं नाव. ते म्हणाले, तुमचे नमुने द्या, आमच्याकडे याहून चांगली तपासणी होते, सगळं मोफत. सरांना आनंद झाला. पण करारावर सही करताना त्यांनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'आधी रुग्णांना जबाब, मग छपाई.' संस्थेला ते चाललं नाही. दुसरा कागद आला. त्यात सरांचं नाव नव्हतं, माझं होतं. मी सरांना दाखवला. ते म्हणाले, "करा तुम्ही सही. माझं नाव कशाला पाहिजे? जबाब आला म्हंजे झालं."

नमुने न्यायला माणूस आला त्याच आठवड्यात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, तीनदा सांगितली. संस्थेच्या नंबरांच्या चिठ्ठ्या येतील. कुठल्या नंबराची नळी कुणाची, ती यादी करा. बराबर करा.

माणूस आला तो घाईत. बर्फ वितळत होता, त्याला गाडी गाठायची होती. संस्थेच्या चिठ्ठ्या रुंद होत्या, पट्टीवर बसेनात. मी संस्थेत फोन लावला. तिकडून एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, जुनी लेबलं काढूनच टाका. नावं तशीही आम्हाला नकोत, नियमच आहे." नियम म्हटल्यावर मला मोकळं वाटलं. मी पट्ट्या सोलत गेले आणि चिठ्ठ्या लावत गेले. म्हटलं, पट्ट्या क्रमानं ठेवते, नंतर यादी करू. नळ्यांना घाम सुटलेला, पट्ट्या ओल्या, एकमेकींना चिकटल्या. शेवटी मुठीत मावेल एवढा एक पांढरा गोळा उरला. उलगडायला गेले तर नावं एकमेकांवर उमटलेली. मी तो गोळा पिवळ्या पिशवीत टाकला, जिच्यातला कचरा जाळायला जातो.

डोळ्याला हिरवी पट्टी लावून सर आले. पहिलाच प्रश्न, "यादी झाली?"

मी म्हटलं, "हो सर. कॉम्प्युटरवर आहे."

हे एवढं वाक्य. ते मी का बोलले, याचं कारण मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. भीती वाटली, हे खरं. नंतर संस्थेकडून काहीतरी मिळेल, जुळवता येईल, असंही वाटलं. पण सगळ्यात खरं हे की मला ते तितकं महत्त्वाचं वाटलंच नाही. नावंच तर होती.

सर संस्थेला पत्रं लिहीत राहिले. निकाल काय? उत्तर यायचं, लेख छापून येईपर्यंत सांगता येणार नाही. सर चिडायचे. "तिकडं माणूस तापानं फणफणून राह्यला आणि हे छापायची वाट पाहून राह्यले!" वर्ष उलटून गेलं. संस्थेच्या फायलीत उत्तरं पडून होती आणि इकडे माणसं उठता-बसता कण्हत होती. त्या लोकांबद्दल मला आजही घृणा वाटते, आणि त्यांच्यासाठी हा शब्द वापरायचा मला हक्क नाही हेही कळतं.

लेख आला. मोठ्या नियतकालिकात. लेखकांच्या रांगेत मी मधोमध. सर तळाशी, बारीक अक्षरांत, 'क्षेत्रीय साहाय्याबद्दल आभार'. गावांची नावं गेली होती, 'मध्य भारतातील एक ग्रामीण प्रदेश' एवढंच उरलं होतं. दाखल्यांचा पाऊस पडला. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी त्या लेखाचा आधार घेतला. माझ्या मोबाईलवर रोज सूचना यायच्या आणि मी त्या उघडून बघायचे, खोटं कशाला बोलू.

कॉलेजानं सत्कार ठेवला. ते मोठे शास्त्रज्ञ स्वतः आले. शाल, नारळ, माझ्या आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवलेलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी सर उठले. तेव्हा ते निवृत्त झाले होते.

"लागण झालेले कोण कोण?"

शास्त्रज्ञ हसून म्हणाले, "सर, आम्ही ओळख गुप्त ठेवतो. नैतिकतेचा प्रश्न आहे."

"जगापासून ठेवा की गुप्त. ज्याचं त्याच्यापासून कामून? नंबर द्या तुम्ही. यादी मॅडमपाशी आहे."

सभागृहानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेव्हाही.

नंबर दुसऱ्याच दिवशी आले. सर कागद घेऊन प्रयोगशाळेत हजर, चष्मा पुसत. "लावा मॅडम जल्दी कॉम्प्युटर. आज निघालो तर दोन गावं होतील." मग मी सांगितलं. पट्ट्यांचा गोळा, पिवळी पिशवी, सगळं.

ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि त्या कागदावरचे नंबर एकेक करून वाचत राहिले, जणू नीट वाचले तर नावं दिसतील. मग म्हणाले, "म्हंजे लागण झाली हे माहीत आहे, कोनाला झाली हे कोनालाच माहीत न्हाई."

"हो सर."

"मंग सगळ्यांचं परत घ्यावं लागंल."

घरं त्यांच्या वहीत होती. गुलाबी औषध आता मिळत होतं. ज्या ज्या घरी रक्त घेतलं होतं, तिथं तिथं ते पुन्हा निघाले, निवृत्त माणूस, एका डोळ्यानं अजून नीट दिसत नसताना. पहिले काही रविवार मी गेले. मग परीक्षा आल्या, प्राध्यापकपदाची मुलाखत आली. ते जात राहिले.

पिंपळगाव रेणुकाईच्या एका घरी जे झालं ते माझ्या समोरचं. दारात बाई उभी होती, चाळिशीची, हातात शेणाची पाटी. आत खाटेवर नवरा पालथा पडलेला. त्याच्या मणक्याचं मधल्या काळात ऑपरेशन झालं होतं आणि फरक काहीच नव्हता. सरांनी पिशवी खाली ठेवली तशी बाई म्हणाली, "रगत न्हाई देनार."

सरांना नकार मिळताना मी पहिल्यांदा पाहिला.

"मागं आल्ते तवा म्हन्ले व्हते, जबाब घेऊन येतो. दीड वरीस वाट पाह्यली आमी. ह्यांनी तर डाक्टरला बी सांगितलं, आमचे सर सांगतील मंग बघू. आले का तुमी?"

सरांनी हात जोडले. "चूक माझी आहे, ताई. मी इसरलो."

मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. माझी मुलाखत आठ दिवसांवर होती आणि त्या मुलाखतीत माझ्याकडे दाखवायला तो एकच लेख होता. मी बोलले नाही. परत येताना हसनाबादच्या अलीकडे मी म्हटलं, "सर, तुम्ही असं का सांगितलंत?"

"मंग काय सांगायचं? तिला तुमचं नाव सांगून तिचा ताप उतरनार आहे का?"

त्या घरी ते आणखी तीन रविवार गेले. चौथ्यांदा बाईनं नवऱ्याचा हात पुढे करू दिला. थेंबात दाणे फुटले. गोळ्या सुरू झाल्या, ताप गेला, माणूस उठून बसला. पण मणका वाकला तो वाकलाच. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, वर्षभर आधी कळलं असतं तर चालता-फिरता असता.

मुलाखतीत मला विचारलं, तुमचं सर्वांत महत्त्वाचं योगदान कोणतं? मी त्या लेखाचं नाव सांगितलं. समितीनं माना डोलावल्या, दाखल्यांचा आकडा वाचला, कुणी हसलं नाही.

सर गेले ते साध्या न्यूमोनियानं, चार दिवसांत. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. माझं भाषण चांगलं झालं. निरलस संशोधक वगैरे म्हटलं, टाळ्या वाजवायची जागा नसते तरी दोघातिघांनी वाजवल्या. गावाकडून एक टेम्पो भरून माणसं आली होती, मागच्या बाजूला बसलेली. कुणी बोलणार का, असं विचारल्यावर पिंपळगावचा तो माणूस काठी टेकत उठला. कमरेतून वाकलेला, त्यामुळे माईक खाली घ्यावा लागला.

"सर देवमानूस व्हते," तो म्हणाला. "पाच गावांत कोनाचा जबाब चुकवला न्हाई त्यांनी. आमचा तेवढा इसरले. आमचं नशीब. पन आमी मनात ठेवलं न्हाई."

आणि तो बसायला वळला. लोकांनी माना हलवल्या. उद्या हीच गोष्ट गावात राहणार होती, की सर चांगले होते पण एकदा विसरले. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी उठले आणि माईकशिवायच म्हणाले, "सर विसरले नव्हते. तुमच्या नळीवरचं नाव मी काढून फेकलं. त्यांना खोटं सांगितलं. तुमच्या दारात त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली."

प्राचार्य खुर्चीत चुळबुळले. कुणीतरी "मॅडम, भावना समजू शकतो," असं काहीतरी पुटपुटलं. तो माणूस काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. बोलली ती त्याची बायको, मागच्या रांगेतून, बसल्या जागेवरून.

"तुमी तर दारातच हुब्या व्हत्या की बाई. मंग तवा कामून न्हाई बोलल्या?"

माझ्या समोरच्या टेबलावर माझ्या नावाची पाटी ठेवलेली होती, आणि नावाच्या आधी 'प्राध्यापक' लिहिलेलं होतं.